हौसेवर बंदी रास्त, पोटाचे काय?

शिरपूर : माघ-फाल्गुनात सातपुड्यातील साग निष्पर्ण होतो आणि जमिनीवर वाळलेल्या पाचोळ्याचा थर साचतो. वणव्याला एवढे इंधन पुरेसे असते. अमेरिकेत अशी ठिणगी बंदुकीतूनही पडते. ॲरिझोना राज्यात २०१७ मध्ये एका घरगुती समारंभात स्फोटक लक्ष्यावर झाडलेल्या गोळीने आग भडकली आणि सुमारे ४७ हजार एकर रान जळाले. खडकावर आदळलेल्या गोळीचे तापलेले तुकडेही पाचोळा पेटवू शकतात. म्हणून तेथे कोरड्या हंगामात अनेक सार्वजनिक वनक्षेत्रांत नेमबाजीवर तात्पुरती बंदी घालतात. ती समर्थनीयच आहे. हौस पावसाळ्यापर्यंत थांबू शकते.

आपल्याकडे कायदा अधिक कठोर आहे. शिरपूर तालुक्यातील अनेर धरण अभयारण्यात विनापरवाना शस्त्र नेण्यास व आग लावण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेच मनाई आहे. मात्र येथील प्रश्न हौसेचा नाही. मोहाची फुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळला जातो आणि ती आग अनेकदा पसरते. मोहाचा हंगाम नेमका उन्हाळ्यातच येतो. तो पुढे ढकलता येत नाही. त्यामुळे केवळ मनाईचे फलक लावून वणवे थांबणार नाहीत. मोह वेचणाऱ्या आदिवासी कुटुंबांना झाडाखाली बांधण्यासाठी जाळ्या पुरवल्या, तरच येथील बंदीला अर्थ राहील.