नव्वद टक्क्यांवर अडकलेला सीटी स्कॅन

झरी-जामणी, मारेगाव किंवा घाटंजीचा रुग्ण सीटी स्कॅनसाठी यवतमाळ नाहीतर नागपूर गाठतो. पूर्वी परतताना हातात फिल्म आणि सीडी असे. आता बऱ्याच केंद्रांकडून मोबाइलवर लिंक येते. सोय चांगलीच, पण ती गावात रेंज असेल तोवर.

सीटीच्या एका चित्रात साधारणपणे ५१२ गुणिले ५१२ ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट लागतात. म्हणजे एक चित्र अर्ध्या एमबीचे; अशी ५०० चित्रे झाली की २५० एमबी. त्यात नेटचा वेग सांगतात मेगाबिटमध्ये, फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये, आणि एका बाइटात आठ बिट! त्यामुळे ४ एमबीपीएसच्या नेटवर ही फाइल उतरायला आठ मिनिटांहून अधिक लागतात, तेही रेंज एकदाही गेली नाही तर. गेली, की अनेकदा पुन्हा शून्यापासून सुरुवात. दिवसाचा डेटा संपतो, फाइल येत नाही. मग कोणीतरी फिल्मचा फोटो काढून डॉक्टरांना व्हॉट्सॲप करतो. मूळ चित्रात करड्या रंगाच्या सुमारे चार हजार छटा असू शकतात, फोटोत फार तर २५६. हाड, फुप्फुस, मेंदू नीट दिसावा म्हणून डॉक्टर या छटा बदलून पाहतात; फोटोत ते जमत नाही.

यावर ‘डाउनलोड फास्ट करणारी’ ॲप्स सुचवली जातात. ती फाइलचे तुकडे करून एकाच वेळी उतरवतात. सर्व्हर प्रत्येक जोडणीला मोजकाच वेग देत असेल, तर फरक पडतो. रेंजच अपुरी असेल, तर चार बादल्या लावल्याने नळाची धार वाढत नाही. शिवाय आपला आजार अनोळखी ॲपच्या हाती का द्यावा? त्यापेक्षा ब्राउझरमधली डाउनलोडची यादी उघडा (संगणकावर क्रोममध्ये कंट्रोल आणि जे), बाकीचे डाउनलोड थांबवा, तुटलेल्या फाइलवर ‘रिझ्यूम’ दाबून पाहा. मोबाइलवर बॅटरी सेव्हर बंद ठेवा.

मात्र रिझ्यूम चालेल की नाही, हे रुग्णाच्या हातात नाही. ‘अमुक बाइटपासून पुढचे पाठव’ असे सांगण्याची सोय वेबच्या नियमांत १९९७ पासून आहे. सर्व्हरने ती पाळली पाहिजे. स्कॅनचे पैसे घेणाऱ्या केंद्राने तुटल्यावर पुढे चालणारी, निदान महिनाभर टिकणारी लिंक द्यावी आणि फाइल किती एमबीची आहे तेही लिहावे, यात मला काही जास्तीची मागणी वाटत नाही. तोवर स्कॅन झाल्यावर केंद्रातून निघण्याआधी सीडी मागून घ्या, आणि शहरात चांगली रेंज असतानाच फाइल उतरवून एसटीत बसा.