रेडिएटरला घड्याळ हवंच का?

जर्मनीत भाड्याच्या घरात राहणाऱ्या मंडळींसाठी हे लिहितोय. स्मार्ट व्हॉल्व्ह घेतला की 'प्रत्येक खोलीचं तापमान वेगळं ठेवता येतं' म्हणे. अहो, पण ते रेडिएटरच्या साध्या आकडेवाल्या नॉबवरही होतंच की! 3 वर साधारण 20 अंश, 2 वर 16. खोली तेवढी तापली की तो आपोआप गरम पाणी अडवतो. 5 वर फिरवला म्हणून खोली लवकर तापत नाही, नुसती जास्त तापते.

मग स्मार्टवाला वेगळं काय देतो? मुख्यतः घड्याळ. बसवणं मात्र एकदम सोपं: जुना नॉब काढायचा, नवा आट्यांवर फिरवायचा. पाणी काढावं लागत नाही. जुना जपून ठेवा, घर सोडताना लागेल.

माझं मत विचाराल तर, ज्या खोल्यांना वेळापत्रक आहे तिथेच घ्या. म्हणजे बाथरूम आणि घरून काम करायची खोली. इथे सामायिक हीटिंगच्या बिलाचा 30 ते 50 टक्के भाग सहसा घराच्या क्षेत्रफळावर ठरतो. बचत होणार ती उरलेल्यातच.

आणि ॲपवरून बेडरूम गारठवून दार उघडं ठेवलंत, तर घरातली दमट हवा तिथल्या थंड भिंतीवर जमते आणि बुरशी येते. मग कसली डोंबलाची बचत!