सर्टिफिकेट आणि ६५ दिवसांची मजुरी

मागच्या आठवड्यात एका जुन्या मित्राच्या दुकानात बसलो होतो. मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे त्याचं. तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "भाऊ, तू पेपरवाला आहेस, तुला माहीत असेल. पोरगी सहा महिने रात्री इंग्रजीत मीटिंगा करत होती. अमेरिकेतली कंपनी आहे म्हणते. पैसा एक आला नाही. आता परत तसंच दुसरं काम आलंय. हे नेमकं काय असतं? फसवणूक तर नाही ना?"

फसवणूक नाही, एवढं त्याला लगेच सांगितलं. पण पोरीनं दुसरं काम घ्यावं की नाही, याचं उत्तर द्यायला मला तीन दिवस लागले. पोरीशी बोललो, थोडं वाचलं. ते उत्तर इथं सगळ्यांसाठी लिहितोय, कारण आपल्या साक्री तालुक्यात अशी ती एकटी नाही. अजून चार-पाच मुलं तरी मला माहीत आहेत. तिचं नाव लिहीत नाही, तिनंच नको म्हटलंय. गोपनीयतेच्या कागदावर तिची सही आहे, म्हणून कंपनीचं आणि प्रकल्पाचं नाव तिनं मलाही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आधी काम काय ते समजून घेऊ. जगभरात हवेतला कार्बन कमी करण्याचे प्रकल्प चालतात. पवनचक्क्या, सोलर, बायोगॅस, झाडं लावणं, कमी धुराच्या चुली वाटणं. याला इंग्रजीत मिटिगेशन म्हणतात. एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाण्यापासून वाचवला की एक कार्बन क्रेडिट मिळतं आणि ते विकता येतं. पण खरंच वाचला का, हे कागदावर दाखवावं लागतं. त्यासाठी सर्व्हे, फॉर्म, हिशोब, तपासणी, अहवाल. यातलं बरंचसं काम लॅपटॉपवर होतं, म्हणून ते कुठूनही करता येतं. ते करणाऱ्यांत आता घरी बसून इंटर्नशिप करणारी मुलंही आली आहेत.

हा विषय आपल्यापासून लांबचा आहे असं समजू नका. १९९७ च्या क्योटो करारातून 'सीडीएम' नावाची पद्धत आली. गरीब देशात कार्बन वाचवायचा आणि त्याची क्रेडिट श्रीमंत देशांना विकायची. या पद्धतीत चीनखालोखाल सर्वांत जास्त प्रकल्प भारताचे नोंदले गेले. त्यात महाराष्ट्रातल्या पवनचक्क्या आहेत, आपल्या धुळे जिल्ह्यातल्याही आहेत. शिवाजीनगरचा १२५ मेगावॅटचा सोलर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला, त्याला जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचं कर्ज आहे. छडवेल-ब्राह्मणवेलच्या पठारावर फिरणारी पाती आपण रोज बघतो. आंतरराष्ट्रीय हवामानाचा कारभार तुमच्या-माझ्या बांधापर्यंत आलेला आहे. त्या कारभारात आपली पोरं कुठं बसतात, एवढाच प्रश्न आहे.

पूर्वी तर कुठंच बसत नव्हती. हे काम शिकायचं तर बॉन, जिनिव्हा, न्यूयॉर्क गाठावं लागायचं, तेही स्वतःच्या खर्चानं. २०१५ मध्ये न्यूझीलंडचा २२ वर्षांचा एक तरुण संयुक्त राष्ट्रांत बिनपगारी इंटर्न होता. जिनिव्हात तो तंबूत राहिला, त्याची बातमी जगभर गाजली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० पासून इंटर्नना भत्ता सुरू केला. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातली इंटर्नशिप मात्र बिनपगारीच राहिली. न्यूझीलंडच्या मुलाची ही गत, तर साक्रीच्या पोरीनं जिनिव्हाचं नाव तरी कशाला काढावं?

रिमोटनं हा खर्च वाचवला, हे मान्य केलंच पाहिजे. माझ्या मित्राची मुलगी जळगाव विद्यापीठाची पर्यावरणशास्त्राची एम.एस्सी. आहे. मुलाखत मोबाइलवर झाली. लॅपटॉप चुलतभावाचा. सहा महिन्यांत ती एक्सेलमध्ये असे हिशोब शिकली की मला समजावून सांगताना माझंच डोकं गरगरलं. मॉनिटरिंग रिपोर्ट कसा वाचायचा, बेसलाइन म्हणजे काय, हे तिला इथल्या कुठल्या कॉलेजनं शिकवलं असतं? तिकडे दुपारचे बारा वाजले की आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. त्या वेळेला लाइट गेली तर? बापानं दुकानातला इन्व्हर्टर घरी नेऊन ठेवला. पवनचक्क्यांच्या तालुक्यातली मुलगी इन्व्हर्टरवर बसून कार्बनचा हिशोब करत होती, हेही आपलंच चित्र.

आता तिचं काम काय होतं ते ऐका. महाराष्ट्र-गुजरात सीमेवरच्या गावांत सुधारित चुली वाटल्या होत्या. बायांच्या मुलाखती रेकॉर्ड केल्या होत्या आणि त्यावरून फॉर्म भरले होते. रेकॉर्डिंग ऐकायचं आणि फॉर्म बरोबर भरलाय का ते बघायचं, हे तिचं काम. फॉर्मवर प्रश्न होता, जुनी चूल बंद केली का? उत्तरापुढे 'होय' अशी खूण. आणि रेकॉर्डिंगमध्ये बाई अहिराणीत सांगतेय, "नवी शेगडी चहाले, भाकर ते चुल्हावरच."

म्हणजे नवी शेगडी चहापुरती, भाकरी जुन्या चुलीवरच. जुनी चूल बंद झालेली नाही. फॉर्म भरणाऱ्याला अहिराणी येत नव्हती, किंवा त्याला घाई होती. असं एकदाच नाही, तिच्या वाट्याला आलेल्या बऱ्याच रेकॉर्डिंगमध्ये निघालं.

हे कोणाला कळणार? जिच्या आजीच्या घरी गॅसची टाकी पण आहे आणि चूल पण आहे तिलाच. उज्ज्वलाचं सिलिंडर आलं म्हणून चूल विझली, असं आपल्या किती घरांत झालं? कळण्याची भाकरी, अंघोळीचं पाणी, लग्नाचा स्वयंपाक, हे सगळं चुलीवर. आपल्याला हे सांगावं लागत नाही. पण कागदावर जुनी चूल बंद दाखवली की तेवढं लाकूड वाचलं असं धरलं जातं आणि तेवढी क्रेडिट निघतात.

ही एकट्या तिची शंका नाही. २०२४ च्या जानेवारीत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलेमधल्या संशोधकांचा अभ्यास 'नेचर सस्टेनेबिलिटी'मध्ये आला. त्यांनी तपासलेल्या चुलींच्या प्रकल्पांनी जेवढी क्रेडिट मिळायला हवी होती त्याच्या सुमारे नऊ पट घेतली, असा त्यांचा निष्कर्ष. नवी चूल किती वापरली जाते आणि जुनी किती चालू राहते, याचे अंदाज चुकणं हे त्यामागचं एक कारण. ही क्रेडिट विकत घेऊन कोणीतरी कुठंतरी आपला धूर चालूच ठेवतो. इथली चूलही पेटलेली, तिथली चिमणीही पेटलेली, आणि कागदावर हवा स्वच्छ.

पोरीनं वरिष्ठांना मेल केला. उत्तर आलं, छान निरीक्षण आहे, नोंद घेतो. नोंद घेतली की नाही तिला माहीत नाही, कारण शेवटचा अहवाल इंटर्नला दाखवत नाहीत. सहा महिने झाले, सर्टिफिकेट आलं, विषय संपला.

आता पैशाचं बोलू. आठवड्याला २० तास, २६ आठवडे. झाले ५२० तास. आठ तासांचा दिवस धरला तर ६५ दिवस. २०२५-२६ चा आपला रोजगार हमीचा दर ३१२ रुपये. ६५ गुणिले ३१२, म्हणजे २० हजार २८० रुपये. माती खोदायच्या दरानं धरलं तरी एवढी मजुरी झाली, आणि हे तर एम.एस्सी. झालेल्या, तीन भाषा जाणणाऱ्या मुलीचं काम. राज्य सरकारनं २०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, त्यात पदवीधराला महिना १० हजार रुपये ठेवले. शिकणाऱ्यालाही पोट असतं, हे सरकारला कळलं. जगाचं तापमान मोजणाऱ्यांना का कळू नये?

"अनुभव मिळतो ना" असं म्हणणारे खूप भेटतात. त्यांना माझी गोष्ट सांगतो.

मी पत्रकारितेचा डिप्लोमा करून गावी आलो तेव्हा एका दैनिकाचं तालुका प्रतिनिधीचं ओळखपत्र मिळालं. मानधन नाही. जाहिरात आणली तर कमिशन. चार वर्षं मी बातम्या दिल्या आणि घर वडिलांच्या कपाशीवर चाललं. माझ्याबरोबर डिप्लोमा केलेला एक मित्र होता. माझ्यापेक्षा चांगलं लिहायचा. त्याचे वडील सालदार. चार महिन्यांत त्यानं सोडलं. आज तो एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर आहे. त्यानं सोडलं आणि मी टिकलो, यात माझी हुशारी काही नव्हती. माझ्या बापाकडे जमीन होती, त्याच्या बापाकडे नव्हती. पण त्यामुळे काय झालं बघा. सालदाराच्या घरातून बातमी देऊ शकणारा माणूस आमच्या धंद्यातून गेला. नंतर वीस वर्षं सालदारांवर आम्ही लिहिलं, ते बाहेरून बघून लिहिलं.

तेच इथं होणार आहे. बिनपगारी काम कोण करू शकतं? ज्याच्या घरी दुसरी कमाई आहे तो. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधला मुलगा एक नाही, तीन इंटर्नशिपा करेल, सीव्ही भरेल आणि पुढं पगाराच्या जागेवर बसेल. त्याच्यावर माझा राग नाही. पण त्याला ती अहिराणी कळणार नाही. चुलीच्या घरातली मुलं दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला गळाली की चुलींचा हिशोब चूल न बघितलेले लोक करतील. मग नऊ पटीच्या चुका होत राहतील. म्हणून इंटर्नला पैसे देणं ही मेहेरबानी नाही. हिशोब खरा हवा असेल तर तो त्याचाच खर्च आहे.

शिकवणाऱ्याचीही बाजू आहे. नवीन पोराला शिकवायला पहिला महिना-दोन महिने वेळ जातो, चुका निस्तराव्या लागतात, छोट्या संस्थांकडे पैसा नसतो. ठीक आहे. संयुक्त राष्ट्रांचं ऑनलाइन स्वयंसेवकांचं काम आहे, तिथं सरळ स्वयंसेवा म्हणतात आणि आठवड्याला २० तास, जास्तीत जास्त १२ आठवडे अशी मर्यादा ठेवतात. निदान स्पष्ट तरी आहे. तक्रार आहे ती शिकवणं संपल्यावर चालू राहणाऱ्या फुकट कामाबद्दल.

म्हणून आपल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आई-बापांसाठी माझा सल्ला:

१. नोंदणी फी, ट्रेनिंग फी मागितली की तिथंच बोलणं बंद करा. काम तुम्ही करणार आणि पैसे पण तुम्हीच देणार, हा कुठला न्याय?

२. किती तास, किती आठवडे, मीटिंग आपल्या घड्याळात किती वाजता, शिकवणार कोण, हे लेखी घ्या. व्हॉट्सॲपवरचं तोंडी आश्वासन नको.

३. पहिली इंटर्नशिप बिनपगारी करायचीच असेल तर तीन महिन्यांच्या वर नको. दुसरी बिनपगारी तर घेऊच नका.

४. अहवालात माझं नाव येईल का, शेवटचा अहवाल मला बघायला मिळेल का, हे आधी विचारा. प्रश्न विचारला म्हणून काम गेलं, तर ते गेलेलंच बरं.

५. मराठी, अहिराणी, पावरी, भिली यांची गरज असेल तर ते भाषांतराचं काम आहे. त्याचा वेगळा दर मागा. आपली बोली फुकट नाही.

६. जे शिकलात ते रोज वहीत लिहून ठेवा. भारत सरकारनं जून २०२३ मध्ये स्वतःची कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना जाहीर केली आहे. इथल्या कारखान्यांनाही हे हिशोब करणारी माणसं लागतील. ते शिक्षण वाया जाणार नाही.

कॉलेजांना एक विनंती. संध्याकाळी सहानंतर संगणक कक्षाला कुलूप असतं. ते दोन तास उघडा, अशा मुलांना बसू द्या. आणि आपल्या डोंगरावर ज्यांच्या पवनचक्क्या फिरतात त्यांनाही. तालुक्यातल्या पोरांना गेटवर उभं करता, तशी दोन-चार आत ऑफिसात घ्या, पगारी इंटर्न म्हणून. वारा इथला, जमीन इथली, मग हिशोब करणारा एखादा इथला असायला काय हरकत आहे?

हे सगळं मी मित्राला सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "भाऊ, माझ्याकडे पोरगं मोटार भरायला शिकायला येतं, त्याला मी पहिल्या दिवसापासून चहा-नाश्ता देतो आणि तिसऱ्या महिन्यापासून पगार. कारण तिसऱ्या महिन्यात त्यानं भरलेली मोटार मी गिऱ्हाइकाला विकत असतो."

मी तीन दिवस वाचून जे काढलं ते त्यानं एका वाक्यात सांगितलं.

पोरीनं परवा नवीन कंपनीला मेल केलाय. मानधन किती देणार, आणि शेवटचा अहवाल दाखवणार का, असे दोनच प्रश्न. इकडे एका पतसंस्थेत ९ हजारांची नोकरी तिच्यासमोर आहे, आणि त्यांना महिनाअखेरपर्यंत उत्तर हवंय. मेलचं उत्तर अजून आलेलं नाही. आलं की इथंच कळवतो.

तुमच्या घरात कोणी असं काम करत असेल तर मला सांगा. सगळ्यांना एकदा एकत्र बसवू. चहा माझ्याकडून.