खांबापाशी जाण्यापूर्वी

‘डॉक्टर, ४२व्या वर्षी पोल डान्स शिकू का?’ एका भगिनीने संकोचाने विचारले. मी रक्तदाब दोनदा मोजला : १६०/१००. म्हणालो, ‘अवश्य शिका, आधी हा आटोक्यात आणू.’

या नृत्यात पुढे उलटे लटकावे लागते. तेव्हा डोळ्यांतील दाबही वाढतो. काचबिंदू वा गर्भावस्था असल्यास ते टाळावे. मल्लखांबाला एरंडेल चोळतात; येथे मात्र त्या दिवशी अंगाला तेल वा क्रीम लावू नये, पकड सुटते. खांब उघड्या त्वचेनेच धरला जातो. म्हणून आखूड कपडे ही सुरक्षितता होय, निर्लज्जपणा नव्हे. अंगठ्या-बांगड्या उतरवाव्यात, दोन तास आधी हलके खावे, मनगटे व खांदे मोकळे करून घ्यावेत.

दीड महिन्याने त्यांचा रक्तदाब १२८/८२ झाला. येत्या सोमवारी त्यांचा पहिला वर्ग आहे.