वृक्कातील गाठ आणि बायोप्सीची सुई

"डॉक्टरसाहेब, गाठीला सुई लावली की ती पसरते ना?" हा प्रश्न आमच्या चिकित्सालयात आजवर किती जणांनी विचारला, याची गणती आम्ही ठेवलेली नाही. पूर्वी आम्ही त्यावर नुसती मान डोलावीत असू. त्या मान डोलावण्याची किंमत एका रुग्णाने मोजली, म्हणून हा लेखनप्रपंच.

उदरातील वायूच्या तक्रारीसाठी केलेल्या सोनोग्राफीत या गृहस्थांच्या उजव्या वृक्कात सुमारे तीन सेंटिमीटरची घन गाठ आढळली. मूत्ररोग-शल्यविशारदांनी शस्त्रक्रियेपूर्वी बायोप्सी सुचविली. गृहस्थ आमच्या मतासाठी आले आणि आम्ही कोणताही ग्रंथ वा शोधनिबंध न चाळता "सुई टाळलेली बरी" असे सांगून मोकळे झालो. गाठ मोठ्या रक्तवाहिन्यांना लागून असल्याने पुढे संपूर्ण वृक्कच काढावे लागले. अहवाल आला तो ऑन्कोसायटोमाचा, म्हणजे सौम्य अर्बुदाचा. ते मधुमेही आहेत. त्यांचे क्रिएटिनिन पाहताना आजही आमचे मन स्वस्थ राहत नाही. बायोप्सी झाली असती तर वृक्क वाचलेच असते, असा दावा आम्ही करीत नाही. ऑन्कोसायटोमा आणि क्रोमोफोब कर्करोग यांतील भेद सुईने काढलेल्या तुकड्यावरून कित्येकदा निश्चित होत नाही. परंतु निर्णय घेण्यापूर्वी जे कळू शकले असते, ते आम्ही त्यांना कळू दिले नाही.

या प्रकरणानंतर आम्ही वाचन केले. चार सेंटिमीटरपर्यंतच्या ज्या घन गाठी शस्त्रक्रियेने काढल्या जातात, त्यांपैकी साधारणतः पाचांत एक सौम्य निघते. मेयो क्लिनिकच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मालिकेत एक सेंटिमीटरहून लहान गाठींत हे प्रमाण निम्म्याच्या जवळ होते. केवळ सी. टी. स्कॅनवरून या सौम्य गाठी नेहमी वेगळ्या काढता येत नाहीत. गाठीत मेद स्पष्ट दिसला तर अँजिओमायोलायपोमाचे निदान चित्रावरूनच होते, तेथे सुईची गरज नाही. अडचण उरते ती इतरांची.

मग सुईवर विश्वास किती ठेवावा? २०१६ साली ‘युरोपियन युरॉलॉजी’ या नियतकालिकात ५७ अभ्यासांतील ५,२२८ रुग्णांचा एकत्रित आढावा आला. निदान होण्याचे मध्यक प्रमाण ९२ टक्के होते. जाड सुईने काढलेल्या, निदानक्षम तुकड्यावरून कर्करोग ओळखण्याची अचूकता ९९ टक्क्यांच्या घरात होती. कर्करोगाचा प्रकार दहांपैकी नऊ वेळा शस्त्रक्रियेनंतरच्या अहवालाशी जुळला, त्याची श्रेणी मात्र तितक्या खात्रीने जुळली नाही. एकाच गाठीचे निरनिराळे भाग निरनिराळ्या स्वभावाचे असू शकतात आणि सुई त्यांतील एखादाच भाग उचलते, हे लक्षात घेता यात नवल नाही.

आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटले ते त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका आढाव्यातील निष्कर्ष. सुमारे १४ टक्के वेळा तुकड्यावरून काहीच निदान झाले नाही आणि अशांपैकी ज्यांची पुढे शस्त्रक्रिया झाली, त्यांत दहांपैकी नऊ जणांना कर्करोगच होता. म्हणजे बायोप्सीचा ‘होय’ भक्कम आहे, पण ‘काही सापडले नाही’ याचा अर्थ ‘काही नाही’ असा होत नाही. असा अहवाल घेऊन रुग्ण आनंदाने आपल्याकडे येतो, तेव्हा त्याच्या आनंदात सामील होण्यापूर्वी पुन्हा तपासणीसाठी त्याला परत पाठविणे हे आपले काम आहे.

पसरण्याच्या भीतीविषयी. ती अगदीच निराधार नाही. २०१९ साली ब्रिटनमधील एका केंद्राने सुईच्या मार्गात कर्कपेशी आढळलेले सात रुग्ण नोंदविले, त्यांतील सहा पॅपिलरी प्रकारचे होते. परंतु हजारोंच्या मालिकांत असे रुग्ण विरळाच. शिवाय आता बाहेरील नळीतून आतील सुई घालण्याची पद्धत रूढ असल्याने, गाठीतून निघालेली सुई मधल्या ऊतींना स्पर्श न करता बाहेर येते. त्यामानाने रक्तस्राव अधिक वेळा होतो, बहुधा तो अल्प असतो व आपोआप थांबतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबतच गुग्गुळ-लसूणयुक्त कल्पांची यादीही रुग्णाने शल्यविशारदांना द्यावी, असा आग्रह आम्ही आता धरतो. आपली औषधे ही ‘औषधे’ आहेत असे रुग्णांना वाटतच नाही!

आपल्या देशात आणखी एक कारण आहे. वृक्काचा क्षय किंवा झँथोग्रॅन्युलोमॅटस पायलोनेफ्रायटिस हुबेहूब कर्करोगाचे सोंग घेऊ शकतात. अशी शंका असेल, अन्य अवयवाचा कर्करोग पूर्वी झालेला असेल अथवा लिम्फोमाची शक्यता वाटत असेल, तर बायोप्सीचा विचार व्हावा, असेच आजचे मत आहे. उलटपक्षी जे वृद्ध, क्षीण रुग्ण कोणत्याही अहवालानंतर शस्त्रक्रिया करून घेणारच नाहीत, त्यांना हा त्रास देण्यात अर्थ नाही.

शस्त्र उचलण्यापूर्वी शोथ आम आहे की पक्व, हे ठरविण्यासाठी सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात ‘आमपक्वैषणीय’ हा स्वतंत्र अध्याय लिहिला, आणि आम शोथ कापणारा व पक्व शोथाची उपेक्षा करणारा अशा दोघांनाही एकाच पंक्तीत बसविले. त्या परंपरेचे म्हणविणाऱ्यांनी निदानाची सुई हिणवावी, हे आम्हांला आता विचित्र वाटते.

आणखी एक कटू गोष्ट. आपल्या परिषदांत "वरुणादि क्वाथ व कांचनार गुग्गुळाने वृक्कातील गाठ वर्षभर वाढली नाही" अशा प्रकारची प्रकरणे मांडली जातात, टाळ्याही पडतात. वृक्कातील लहान गाठी कोणतेही औषध न देता नुसत्या निरीक्षणाखाली ठेवल्या, तर त्या वर्षाला सरासरी तीन मिलिमीटरच वाढतात, काही तर वाढतच नाहीत. गाठ कशाची होती हे ठाऊक नसताना त्या न वाढण्याचे श्रेय क्वाथाला कसे द्यावे? आम्हीही एकदा असे प्रकरण मांडले होते. ते आम्ही मागे घेतो.

गेल्या महिन्यात एक शिक्षिका तोच प्रश्न घेऊन आल्या. आम्ही त्यांना वरील आकडे कागदावर लिहून दिले, ‘काही सापडले नाही’ याचा अर्थ समजावला आणि शल्यविशारदांकडे परत पाठविले. परवा त्यांची बायोप्सी झाली. अहवाल अद्याप यावयाचा आहे.