सकाळचे धावणे आणि रात्रीचे दुकान

आपल्या बाजारात चार व्यापारी एकत्र बसले की बोलणे सुताच्या भावावरून सुरू होते, उधारीवर येते आणि शेवटी साखरेवर थांबते. ही साखर वाण्याकडची नव्हे, रक्तातली. कोणाची उपाशीपोटी किती निघाली, कोणाची गोळी वाढली, कोणाला स्टेंट बसवला, हे आता ग्रे कापडाच्या भावासारखे सर्वांना तोंडपाठ आहे. डॉक्टर प्रत्येकाला सांगतात, चाला, जमल्यास धावा, वजन उतरवा. आणि प्रत्येक जण उत्तर देतो, वेळ कुठे आहे?

हे दुखणे फक्त आपल्या मोहल्ल्याचे नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. परंतु नोकरदाराला आजारपणात रजा मिळते, पगार चालू राहतो. आपली पेढी मालकाच्या डोक्यात चालते. वहीत आकडे असतात. पण बालोतऱ्याची कोणती पार्टी दिवाळीनंतरच पैसे सोडते आणि कोणत्या दलालाच्या शब्दावर माल द्यावा, हे वहीत नसते. मालक तीन महिने अंथरुणाला खिळला तर उधारी बुडते, माग थांबतात आणि त्या मागांवर जगणाऱ्या दहा-वीस घरांत चूल मंदावते. म्हणून व्यापाऱ्याची तब्येत ही त्याची एकट्याची बाब नाही.

आम्ही डॉक्टर नाही. आमचा धंदा कापडाचा, शिक्षण उर्दू माध्यमाचे आणि वय पन्नाशीच्या पुढचे. पण बाजार आम्ही ओळखतो. धावणे आणि आहार यांविषयी जे छापून येते, ते बहुधा सायंकाळी सहाला कार्यालयातून सुटणाऱ्यांसाठी असते. रात्री दहाला शटर ओढणाऱ्याला ते वेळापत्रक लागू पडत नाही. म्हणून आपल्या धंद्याच्या वेळा धरूनच या प्रश्नाचा विचार व्हायला हवा.

दीड टक्क्याचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाने आठवड्यात किमान १५० मिनिटे झपाझप चालावे किंवा ७५ मिनिटे धावण्यासारखा जोरकस व्यायाम करावा. आठवड्याचे तास १६८. त्यांपैकी अडीच तास म्हणजे शेकडा दीड. एवढी सूट तर आपण रोख पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाईकाला हसत देतो.

शिवाय हा वेळ आपल्याकडे आहे. फज्रची नमाज आटोपते तेव्हा बाजार झोपलेला असतो आणि दुकान उघडायला साडेदहा वाजतात. मधले चार तास कोणा गिऱ्हाईकाचे नाहीत की दलालाचे नाहीत. तरी ते हातात येत नाहीत. कारण फज्र पढून आलेला व्यापारी पुन्हा अंथरुणात शिरतो आणि नऊपर्यंत झोपतो. त्याला आळशी म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. तो रात्री एकला झोपलेला असतो.

खरी अडचण रात्रीची

रात्री दहाला शटर पडते. गल्ला मोजून, हिशेब लावून अकराला माणूस घरी पोहोचतो. दुपारच्या दोन घासांनंतर पोटात चहा-बिस्किटांखेरीज काही गेलेले नसते. मग दिवसभराची भूक एकदम भागवली जाते. रोटी, सालन, वर भात आणि कोणाकडून आलेली मिठाई. त्यानंतर लगेच आडवे होणे, आंबट ढेकर आणि सकाळी जड अंग. अशा माणसाला कोणी सहा वाजता धावायला सांगितले, तर तो दोन दिवस धावेल आणि तिसऱ्या दिवशी सोडून देईल. घरातील स्त्रियाही त्याची वाट पाहत अकरापर्यंत उपाशी राहतात, म्हणून तोच आजार त्यांच्याही वाट्याला येतो.

म्हणून आमचे म्हणणे असे की, व्यापाऱ्याच्या धावण्याची तयारी सकाळी बुटांपासून नव्हे, आदल्या रात्रीच्या जेवणापासून सुरू होते. जेवण आठच्या आत आणि झोप साडेदहाच्या आसपास, एवढे साधले तर सकाळ आपोआप मोकळी होते. हे न साधता महागडे बूट घेतले तर ते दाराशी पडून राहतील.

यावर सोपा उपाय डब्याचा आहे. दुपारचा डबा दुकानात येतो, तसा मगरिबच्या सुमारास दुसरा डबा यावा. दोन भाकऱ्या किंवा रोट्या, डाळ, भाजी, असेल तर मांसाचे दोन तुकडे. मगरिब पढून तिथेच जेवावे. घरी गेल्यावर फार तर एक कप दूध किंवा एखादे फळ. घरच्यांनीही आपल्या वेळेवर जेवून घ्यावे. पोटाचा एक भाग रिकामा ठेवण्याची शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती अमलात आणायला याहून चांगली संधी नाही.

चहाचा हिशेब वेगळा मांडावा लागेल. गिऱ्हाईक आले की चहा, सौदा झाला की चहा, सौदा मोडला तरी चहा. दिवसाचे आठ कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तर पाऊणशे ग्रॅमच्या आसपास साखर नुसत्या पाहुणचारात पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते आणि २५ ग्रॅमवर आणली तर उत्तम म्हणते. गिऱ्हाईकाला चहा जरूर पाजावा. त्याच्याबरोबर प्रत्येक वेळी आपणही प्यालाच पाहिजे, असा बाजाराचा कोणताही कायदा नाही.

धावणे कसे वाढवावे

चाळिशी उलटलेल्याने आधी रक्तदाब, साखर व ईसीजी तपासून डॉक्टरांची परवानगी घ्यावी. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने धावण्याच्या दिवशी डोस कसा ठेवावा हे विचारून घ्यावे आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी, कारण धावताना साखर एकाएकी उतरू शकते.

पहिले पंधरा दिवस फक्त अर्धा तास झपाझप चालणे. त्यानंतर एक मिनिट धावणे व दोन मिनिटे चालणे, असे आठ फेरे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेले अमेरिकन धावपटू जेफ गॅलोवे यांनी हीच धावत-चालत जाण्याची पद्धत लोकप्रिय केली. दर पंधरवड्याला धावण्याचे मिनिट थोडे वाढवावे. धावताना बरोबरच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे असे समजावे. छातीवर दाब आला, जबडा किंवा डावा हात दुखू लागला, चक्कर आली, तर तिथेच थांबून थेट दवाखाना गाठावा.

आठवड्यात चार दिवस पुरेत. आमच्या मालेगावात यंत्रमागांची सुट्टी शुक्रवारी असते. तेव्हा त्या सकाळी जुम्याच्या तयारीआधी थोडे लांब अंतर धावावे आणि शनिवारी पाय मोकळे सोडावेत. आठवड्यातून दोन दिवस दहा मिनिटे उठबशा व जोर काढावेत, कारण वयाबरोबर स्नायू झिजतात आणि मग गुडघा कुरकुरतो. मालाच्या खरेदीसाठी भिवंडी-सुरतेला जावे लागले तर बूट पिशवीत न्यावेत. तिथे वेळ मिळाला नाही तर तो दिवस सोडून द्यावा. उधारीसारखी दुसऱ्या दिवशी दुप्पट वसुली करू नये. त्याने पाय दुखावतो.

निघण्यापूर्वी अर्धा ग्लास पाणी व एक-दोन खजूर पुरेत. परत आल्यावर अंडे किंवा डाळ, बरोबर ज्वारीची भाकरी. अर्धा तास धावून आल्यावर नल्ली-निहारीचा हक्क मिळाला, असे मात्र समजू नये.

कपड्याविषयी बोलणे आमच्या धंद्याला धरून आहे. आम्ही सुती कापड विकतो, तरी सांगतो की लांब धावण्याला सुती बनियन उपयोगाची नाही. सूत घाम पिऊन ओले राहते आणि काखा-मांड्या सोलवटतात. पातळ पॉलिस्टर निटचा सैल सदरा व पूर्ण ट्रॅक पँट बरी. अर्धी चड्डी घालण्याची कोणावरही सक्ती नाही. पहिले आठ दिवस लोक हसतील. "शेठ, कुत्रं मागं लागलं का?" असेही विचारतील. नवव्या दिवशी तेच आपली साखर किती उतरली ते विचारतील.

रमजानचे गणित निराळे आहे. कापड बाजाराची ती कमाईची रात्र आणि इबादतीचीही. त्या महिन्यात अंतर किंवा वेग वाढवण्याच्या भरीस पडू नये. इफ्तारीपूर्वी वीस मिनिटे सावकाश चालणे किंवा इफ्तारीनंतर तासाभराने हलके धावणे, एवढ्यावर सवय टिकते. ईदनंतर पुन्हा हळूहळू वाढवावे.

कारागिराचे काय?

मागावरचा कारागीर बारा तासांच्या पाळीत उभाच असतो, त्याला वेगळ्या व्यायामाची काय गरज, असे काही मालक म्हणतात. मागामागांमध्ये येरझाऱ्या घालून पाय थकतात हे खरे. पण त्यात हृदयाला हवा तेवढा व्यायाम मिळत नाही, शिवाय कानाला खडखडाट आणि नाकात सुताची फकी. रात्रपाळी करून आलेल्याला धावायला सांगणे हा तर जुलूम होईल. त्याने आधी पुरती झोप घ्यावी आणि पाळीवर जाण्यापूर्वी वीस मिनिटे मोकळ्या हवेत चालावे. जरीवाले आणि शिंपी मांडी घालून किंवा मशीनवर वाकून बसतात. त्यांनी दर तासाला उठून दोन मिनिटे पाय मोकळे करावेत. मालकाने कारागिराला व्यायामाचा उपदेश करण्यापूर्वी त्याला पाळीत जेवणाची नीट सुट्टी आणि प्यायला स्वच्छ पाणी मिळते की नाही हे पाहावे.

एकट्याने होणारे काम नव्हे

आता मुख्य मुद्दा. रात्रीचे जेवण डब्याने सुटेल, पण रात्रीची झोप डब्याने सुटत नाही. त्यासाठी शटर लवकर पडले पाहिजे, आणि एकट्याने नऊला दुकान मिटले तर गिऱ्हाईक शेजारी जाते. शेजारीही याच भीतीने बसून राहतो. रात्री नऊ ते दहा बाजारात किती विक्री होते हे प्रत्येकाने आपल्या वहीत पाहावे. पुष्कळ दुकानांत त्या तासाला फक्त चहा होतो. १९४८ च्या जुन्या कायद्यात दुकाने उघडण्या-मिटण्याच्या वेळा ठरलेल्या होत्या. २०१७ च्या नव्या कायद्याने सातही दिवस दुकान उघडे ठेवण्याची मुभा दिली. ती मुभा आहे, सक्ती नव्हे. म्हणून व्यापारी संघटनांनी ठराव करावा की रमजान, दिवाळी व लगीनसराई सोडून इतर दिवसांत सर्व दुकाने नऊला बंद होतील. सर्वांचे शटर एकदम पडले तर कोणाचेही गिऱ्हाईक जात नाही.

दुसरी मागणी आपल्या शाळांकडे आहे. जुलै २०२५ मध्ये फौजा सिंग हे पंजाबी धावपटू आपल्या गावाजवळ रस्त्यावर वाहनाच्या धडकेने मरण पावले. नव्वदीच्या उंबरठ्यावर, २००० साली त्यांनी लंडनची ४२ किलोमीटरची शर्यत धावली होती. ज्यांना वयाने थांबवले नाही त्यांना रस्त्याने थांबवले. आपल्या शहरांत पहाटेपासून सूत व गाठींचे ट्रक धावतात. मोहल्ल्यातील शाळांची मैदाने मात्र त्या वेळी कुलपात असतात. संस्थाचालकांनी सकाळी सहा ते सात मैदान खुले करावे आणि स्त्रियांसाठी वेगळी वेळ राखावी. मातीचे मैदान गुडघ्यालाही डांबरापेक्षा सोसते. यात एका पहारेकऱ्याच्या पगारापलीकडे खर्च नाही, आणि तो बाजाराने आनंदाने उचलावा.

मुंबईत २००४ पासून मॅरेथॉन भरते आणि हजारो लोक धावतात. आपल्याला ४२ किलोमीटरचे पदक नको. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या व्यापाऱ्याने आणि कारागिराने आठवड्यातून चार वेळा अर्धा तास धावावे किंवा चालावे आणि रात्री वेळेवर झोपावे, एवढीच आमची अपेक्षा आहे. संघटनेच्या पुढच्या बैठकीत सुताचा भाव आणि थकबाकी यांच्याबरोबर नऊच्या शटरचा विषयही घ्यावा, ही सर्व व्यापारी बंधूंना विनंती.