टाकी आपली, मर्जी त्यांची

"भाऊ, गाडीत कोणतं पेट्रोल टाकू?" हा प्रश्न हल्ली मला आठवड्यातून एकदा तरी येतो. मेकॅनिकलची डिग्री घेऊन सॉफ्टवेअरमध्ये शिरलेल्या हजारोंपैकी मी एक. पुण्यात बसून कोड लिहितो. पण रिसोड तालुक्यातल्या आमच्या गावासाठी इंजिनिअर म्हणजे पंपसेटपासून प्रिंटरपर्यंत सगळ्यांचा डॉक्टर. त्यामुळे गाडी झटके मारायला लागली, की फोन मला. "काहून ॲव्हरेज पडलं?" "सकाळी दहा किका माराव्या लागतात, काय करू?"

माझं उत्तर कोणालाच आवडत नाही. कोणतं पेट्रोल टाकू, हे विचारायला निदान दोन पेट्रोलं तरी हवीत. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, कुठल्याही तालुक्याच्या पंपावर जा, साधं पेट्रोल म्हणून नळीतून येतं ते ई-२०. म्हणजे शंभरात वीस भाग इथेनॉल. कंपनीचा बोर्ड लाल असो, निळा असो की पिवळा.

हे कसं झालं ते बघा. २०१८ च्या जैवइंधन धोरणात २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट २०३० सालचं होतं. मग ते पाच वर्षं अलीकडे ओढलं. जून २०२२ मध्ये देशाने १० टक्के गाठले, फेब्रुवारी २०२३ मध्ये पंतप्रधानांनी बेंगळुरूत ई-२० ची सुरुवात केली आणि २०२५ मध्ये २० टक्के गाठल्याची घोषणाही झाली. तेल खात्याच्या दृष्टीने हे मोठं यश आहे. पण ई-२० सोसेल अशा साहित्याच्या गाड्या बनायला लागल्या त्या एप्रिल २०२३ पासून. त्याआधीच्या गाड्यांचं काय? आमच्या गावात तर त्याच जास्त आहेत. कोणी लग्नात मिळालेली अजून चालवतोय, कोणी पुण्याहून तिसऱ्या हाताची आणलेली.

आता थोडं गणित. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये २१ च्या आसपास. वीस टक्के मिसळलं की लिटरमागे जवळपास ७ टक्के ऊर्जा कमी. आधीच्या १० टक्केवाल्या पेट्रोलशी तुलना केली, तर साडेतीन टक्के. हे भौतिकशास्त्र आहे, कोणाची लॉबी नाही. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त आहे, हेही खरं. साधं पेट्रोल ९१ होतं, ई-२० ला ९५ धरतात. पण तो जादा ऑक्टेन वापरायला इंजिनाचं कॉम्प्रेशन आणि टायमिंग त्या हिशेबाने बांधलेलं लागतं. २०१४ सालच्या शंभर सीसीच्या गाडीला त्याचा काडीचा उपयोग नाही.

खरी अडचण कार्बोरेटरची. गॅरेजमधला मिस्त्री त्याला काबरेटर म्हणतो. त्यातल्या जेटला ठरावीक मापाचं भोक असतं आणि तेवढंच इंधन तो सोडतो. पेट्रोलच्या एका भागाला जळायला हवेचे १४.७ भाग लागतात, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे तेवढ्याच हवेला ई-२० जरा जास्त सोडावं लागतं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर असतो, तो बघतो आणि कॉम्प्युटर इंधन वाढवतो. काबरेटरला डोळे नाहीत. तो जुन्याच मापाने सोडत राहतो आणि मिश्रण पातळ होतं. थंडीत गाडी लवकर पकडत नाही, चोक ओढून ठेवावा लागतो, चढावर दम तोडते. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं, तेव्हा बहुतेक कंपन्यांनी इंजेक्शन घेतलं. त्याआधीच्या स्वस्त गाड्या मात्र जवळपास सगळ्या काबरेटरवाल्या.

दुसरी गोष्ट पाण्याची. पेट्रोल पाण्याला जवळ करत नाही, इथेनॉल करतं. पूर्वी टाकीत थोडं पाणी गेलं तर ते तळाशी थेंबभर बसायचं. आता पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं, की ते इथेनॉललाही सोबत घेऊन खाली उतरतं आणि तळाशी न जळणारा चांगला जाड थर होतो. पेट्रोल कॉक तळातूनच ओढतो, रिझर्व्हला लागली तर अगदी तळातून. पेरणीच्या दिवसांत आमच्याकडे चिखलाच्या वाटेमुळे गाडी पंधरा-पंधरा दिवस गोठ्याच्या कडेला उभी असते, अर्ध्या टाकीने. शिवाय इथेनॉल जुना साचलेला गाळ सोडवतं, आणि तो येऊन जेटमध्ये बसतो. जुन्या रबरी नळ्या आणि सीलसुद्धा फुगतात, कडक होतात.

इंजिनं फुटतात का? नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारे फुटलेल्या पिस्टनचे व्हिडिओ बघून रात्र जागवू नका. होतं ते हळूहळू होतं, म्हणूनच त्याची कुठे नोंद होत नाही. मिस्त्री काबरेटर खोलतो, फुंकतो, "कचरा आला होता" म्हणतो आणि पैसे घेतो. बिल नाही, कागद नाही, आकडेवारी नाही. मग वर बसलेला माणूस खुशाल म्हणू शकतो, की तक्रारी आलेल्याच नाहीत.

या धुक्यात धंदे उभे राहतात. लिटरमागे जास्त पैसे मोजून प्रीमियम पेट्रोल टाकणारे मित्र मला आहेत. प्रीमियम म्हणजे जास्त ऑक्टेन आणि थोडी सफाईची रसायनं. प्रीमियम म्हणजे इथेनॉलमुक्त, असं समीकरण नाही. ज्या इंजिनाचं कॉम्प्रेशन दहाच्या आसपास आहे, त्याला तो ऑक्टेन पाजून काही मिळत नाही. काउंटरवरच्या रंगीत बाटल्यांचंही तेच. आणि पंपावर फिल्टर पेपर मागणं, घनता बघणं हा तुमचा हक्क आहे, जरूर बजावा. पण त्या कागदावर भेसळीचा डाग दिसेल, इथेनॉल किती हे दिसणार नाही.

मला राग इथेनॉलचा नाही. राग याचा आहे, की हे सगळं आधीच माहीत होतं. जून २०२१ मध्ये निती आयोगाने इथेनॉल मिश्रणाचा आराखडा काढला. त्यात स्वच्छ लिहिलं आहे, की १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या दुचाकींचं मायलेज ई-२० वर ३ ते ४ टक्क्यांनी घटेल. जुन्या गाड्यांच्या संरक्षणासाठी ई-१० पंपावर मिळत राहावं, असंही आहे. ग्राहकाचं नुकसान भरून निघावं म्हणून करसवलतीचा विचार व्हावा, असंही आहे. म्हणजे आजार लिहिला, औषध लिहिलं, आणि दुकानात फक्त आजार आला. याच निती आयोगाने २०१८ मध्ये वाशिमला आकांक्षित जिल्हा म्हणून निवडलं होतं. साध्या भाषेत, मागास. समृद्धी महामार्ग आमच्या कारंजा-मालेगावातून जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी. आणि इथे शेतात, बाजारात, दवाखान्यात जायचं ते दुचाकीवरच.

ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने खुलासा केला: काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग, गॅस्केट बदलावे लागू शकतात, आणि ते स्वस्तात होतं. स्वस्त कोणाला? महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्या माणसाचा हिशेब मांडू. साठचं ॲव्हरेज, ४ टक्के घट, शंभरच्या वर गेलेलं पेट्रोल. महिन्याला सत्तरेक रुपये, वर्षाला आठ-नऊशे. वर दोन वर्षांनी रबर-गॅस्केट, मधे एक-दोनदा काबरेटर. रक्कम पुण्यातल्या एका जेवणाएवढी आहे, मान्य. पण ती ज्याच्या खिशातून जाते त्याला कोणी विचारलं नाही, सांगितलंही नाही. ई-२० ला पर्याय मागणारी याचिका १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. तो दरवाजा बंद झाला. प्रश्न मात्र शिल्लक आहे.

"शेतकऱ्याचं पोर असून इथेनॉलला विरोध?" हा टोमणा मला घरातच ऐकायला मिळतो. मग शेतकऱ्याचंच बोलू. आमचा जिल्हा सोयाबीनचा. सध्या देशातल्या इथेनॉलमध्ये सर्वांत मोठा वाटा मक्याचा आहे. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा प्रथिनयुक्त चोथा कोंबड्यांच्या खाद्यात जातो, सोयाबीनच्या पेंडीपेक्षा स्वस्तात. पेंडीची मागणी पडली, की सोयाबीन पडतं. भाव पडायला आयात तेलासारखी इतर कारणंही आहेत, पण हे एक आहेच. २०२५ च्या हंगामात हमीभाव होता ५,३२८ रुपये आणि आमच्या बाजार समित्यांत व्यवहार चालले होते त्याच्या बरेच खाली. अन्नदाता ऊर्जादाता झाला असेल, कुठेतरी. वाशिमचा शेतकरी टाकीतही भरतोय आणि काट्यावरही.

ब्राझीलचं उदाहरण सगळे देतात. तिथे हा कार्यक्रम १९७५ पासून चालू आहे. २००३ पासून कुठलंही मिश्रण चालवणाऱ्या गाड्या आहेत, २००९ मध्ये होंडाने तशी मोटरसायकलही आणली. पंपावर इथेनॉल वेगळं मिळतं, वेगळ्या भावाने, आणि लोक गुणाकार करून ठरवतात. अमेरिकेत १५ टक्केवाल्या पेट्रोलच्या नळीवर कोणत्या गाडीत भरू नये हे छापावं लागतं. मोटरसायकलला तर ते चालतच नाही. आपण ब्राझीलकडून टक्केवारी आणली आणि निवड तिथेच ठेवून आलो.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक नळीवर आणि प्रत्येक पावतीवर इथेनॉलचं प्रमाण मराठीत छापा. प्रत्येक तालुक्याच्या गावी निदान एका पंपावर ई-१० ठेवा, तुमच्याच आराखड्यात लिहिल्याप्रमाणे. लिटरमध्ये ऊर्जा कमी देता, तर भाव तेवढा कमी करा. आणि काबरेटरवाल्या दुचाकींवर झालेल्या चाचण्यांचे अहवाल गाडीनिहाय उघडे करा. त्यातल्या काही चाचण्या पुण्यात एआरएआयमध्ये होतात. मी रविवारी ज्या टेकडीवर फिरायला जातो, तिथेच.

तोवर जुन्या गाडीवाल्यांनी एवढं करावं. गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर काबरेटर रिकामा करून ठेवा. पेट्रोलची नळी दरवर्षी बदला, ती महाग नसते. रिझर्व्हवर रोज पळवू नका. बाटल्या विकत घेऊ नका. आणि मिस्त्रीकडे काबरेटर खोलला, की तारीख, किलोमीटर, खर्च वहीत लिहा. अशा शंभर वह्या एका तालुक्यातून निघाल्या, तर "तक्रारी नाहीत" हे वाक्य पुन्हा म्हणताना कोणालातरी अडखळावं लागेल.